तुमचं आजचं नागरिकत्व किती टक्के? ऐरोलीतल्या एका प्रदर्शनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या ऐरोलीत राहणाऱ्या एका चित्रकार बाईंनी नागरिकत्व आणि डेटा या विषयावर एक छोटं प्रदर्शन केलं, त्याचं हे प्रकरण. नाव देत नाही, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो तेच इथे ठेवतो, बाकीच्यांचीही ओळख काढलीय आणि काही तपशील मुद्दाम बदललेत. मी नेटवर्किंगमधला माणूस, नोकरी महापेला, त्यामुळे राउटर-वायरची बाजू माझ्याकडे होती आणि जे लिहितोय ते बहुतेक समोर बघितलेलं आहे.

ताई आधी खाडी रंगवायच्या. तिवरं, फ्लेमिंगो, कोळ्यांच्या होड्या. मग ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरं, म्हणजे इंटरनेटवरचा डेटा साठवणाऱ्या मशीनच्या इमारती, उभी राहत गेली, त्या बिनखिडक्यांच्या, उंच, बाजूला जनरेटरची रांग, आणि ताई त्याच काढायला लागल्या. एका गेटवर त्यांनी वॉचमनला विचारलं आत काय असतं, तो म्हणाला "सगळ्यांचं सगळं असतं मॅडम". हे वाक्य त्यांनी वहीत लिहून ठेवलं आणि तिथून विषय सुरू झाला, की आपलं सगळं जर असं कुठेतरी ठेवलेलं असेल तर ते जिथे आहे तिथले आपण थोडेफार लागतो का?

हा प्रश्न जगात आधीही कलाकारांनी हाताळलाय. 2015 मधे जेम्स ब्रायडल या ब्रिटिश कलाकारांनी 'सिटिझन एक्स' नावाचं ब्राउझरमधे टाकायचं एक एक्स्टेन्शन केलं, तुम्ही ज्या ज्या साइट उघडता त्यांचे सर्व्हर, म्हणजे त्या साइट चालवणारी मशीनं, कुठल्या देशात आहेत ते बघून ते तुमचं 'अल्गोरिदमिक नागरिकत्व' टक्क्यांत दाखवायचा. गंमत म्हणून नाही, त्यामागे भीती खरी होती. 2013 मधे एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या गुप्त कागदांवरून कळलं होतं की अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था समोरचा माणूस परदेशी आहे असं मानायला 51 टक्के खात्री पुरेशी धरायची. म्हणजे पासपोर्ट कुठलाही असो, मशीनने 51 म्हटलं की तुम्ही परके, आणि परके म्हणजे तुमच्यावर नजर ठेवायला मोकळीक.

आपल्याकडे याला अजून एक पदर आहे तो म्हणजे आधार. पहिलं आधार दिलं गेलं ते महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला, 29 सप्टेंबर 2010 ला. सिम घ्या, रेशन घ्या, शाळेत घाला, सगळीकडे आधार, त्यामुळे लोकांना वाटतं आधार आहे म्हणजे भारतीय असल्याचा कागद आहे. पण 2016 च्या आधार कायद्याचं कलम 9 सरळ सांगतं की आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस इथे राहिलेल्या कुणालाही ते मिळू शकतं. ताईंना या दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या होत्या, फोन ठरवतो ते नागरिकत्व आणि कागद ठरवतो ते.

पहिला आराखडा असा होता. एका वाचनालयाचा हॉल शनिवार-रविवार घ्यायचा, तिथे आमचं वायफाय, लोकांनी फोन जोडून रोजच्यासारखा दहा मिनिटं वापरायचा, राउटरला दिसणार फोन कुठल्या कुठल्या सर्व्हरशी बोलतोय, त्यावरून देश काढायचा आणि बिलाच्या छोट्या प्रिंटरमधून पावती, "तुमचं आजचं नागरिकत्व: भारत इतके टक्के, अमेरिका इतके, सिंगापूर इतके". पावतीची रचना तहसीलच्या वय-राष्ट्रीयत्व-अधिवास दाखल्यासारखी, वर तीन सिंह, खाली गोल शिक्का.

अडचण

ट्रायल ताईंच्या घरी घेतली. ताईंचे मिस्टर, त्यांची कॉलेजातली मुलगी, मी, आणि त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. मावशी मूळ पश्चिम बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातल्या, लग्न होऊन इकडे आल्या त्याला खूप वर्षं झाली, मुलं नवी मुंबईत मराठी शाळेत शिकली. त्यांच्या फोनवर व्हॉट्सअॅप, यूट्यूब, गावाकडे बोलायला एक व्हिडिओ कॉलचं अॅप. पावती आली. भारत कमी, बाकीचे देश जास्त.

आम्ही सगळे आपापल्या पावत्या एकमेकांना दाखवून हसत होतो, मुलगी तर म्हणाली मी अर्धी अमेरिकन. मावशींनी पावती दोन्ही हातांत धरली, वरचे सिंह बघितले, शिक्का बघितला आणि ताईंना विचारलं, "ताई, इसमें इंडिया कम क्यों आया? ये कहीं जमा होता है क्या?"

त्या खोलीत एकाच माणसासाठी तो कागद खरा होता. बंगाली बोलणाऱ्या मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायकांची कागदपत्रं तपासायच्या मोहिमा ठाणे-नवी मुंबईत होत असतात, वस्तीत पोलिस आले की लॅमिनेट केलेली कार्डं पिशवीतून बाहेर येतात, आणि बंगालची असण्यात आणि बांगलादेशची असण्यात काय फरक आहे हे दरवेळी भाषा न कळणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागतं. ताईंनी मावशींचं आधार मागून बघितलं, पत्राच्या खालच्या भागात बारीक अक्षरात छापलेलं असतं की हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. मावशींना ते कुणी कधी वाचून दाखवलं नव्हतं. इतकी वर्षं त्या हेच कार्ड पुढे करत आल्या होत्या.

म्हणजे अडचण एक नव्हती, तीन एकात एक अडकलेल्या होत्या. लोकांचा डेटा कसा गोळा होतो हे दाखवायला आम्ही स्वतःच तो गोळा करणार होतो. त्यातून जो आकडा निघणार तो बरोबर आहे का हेच पक्कं नव्हतं. आणि ज्याच्या नागरिकत्वावर कुणी शंका घेत नाही त्याला ती पावती मजेची होती, ज्याच्यावर घेतात त्याला नाही.

आकड्याचं थोडं खोलात सांगतो कारण पुढचा निर्णय त्यावर फिरला. सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या नंबरावरून, देश काढायचा म्हणजे एका यादीत बघायचं की हा पत्ता कुठे नोंदलाय. पण मोठ्या कंपन्या व्हिडिओ-फोटोच्या प्रती इथेच, आपल्या इंटरनेट कंपनीच्या खोलीत ठेवतात, म्हणजे बघितलेला व्हिडिओ कंपनीच्या हिशोबाने अमेरिकन आणि आला मुंबईतून. पत्त्यांचंही तसंच. 8.8.8.8 हा गुगलच्या डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता यादीत अमेरिका दाखवतो पण उत्तर देणारं मशीन जवळचंच असतं, एकच पत्ता जगभर अनेक ठिकाणी चालतो. त्यात अँड्रॉइडवर प्रायव्हेट डीएनएस चालू असेल तर फोनने डीएनएसला कुठल्या साइटची नावं विचारली ते राउटरला कळत नाही. ट्रायलमधे एकाच फोनने घरच्या ब्रॉडबँडवर आणि मोबाईल डेटावर वेगवेगळे देश दाखवले. मावशींच्या पावतीवर भारत कमी का आला याचं खरं उत्तर होतं, की त्या व्हिडिओ कॉलच्या अॅपची मशीनं कुठल्या कपाटात ठेवलीत त्यामुळे. त्यात मावशींचा काहीच संबंध नव्हता.

पर्याय

पहिला पर्याय, आहे तेच करायचं पण संमतीचा फॉर्म घ्यायचा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती मोकळेपणाने, माहिती देऊन घ्यायला सांगतो, आणि ती माहिती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळायला हवी, म्हणजे मराठीत आणि बंगालीतही. आमच्या ओळखीच्या वकीलबाईंनी हे सांगितलं आणि वर विचारलं की जिला तुम्ही पगार देता तिने तुमच्या घरात उभं राहून दिलेला होकार तुम्ही मोकळा धरणार का. दुसरी गोष्ट, हॉलमधे सगळ्यांसाठी वायफाय उघडलं की नियमाप्रमाणे मोबाईल नंबरवर ओटीपी घेऊन नोंद ठेवावी लागते. प्रदर्शन डेटावरचं आणि दारातच प्रत्येकाचा नंबर घ्यायचा, ताईंना हे पटेना आणि मला वाटतं तिथेच हा पर्याय मनातून गेला, जरी त्यावर वाद बराच चालला. मुलीचं म्हणणं होतं की लोक मॉलमधे नंबर देतातच की. ताई म्हणाल्या, मॉलमधे देतात म्हणून तर हे करायचंय.

दुसरा, ब्रायडल यांच्यासारखं एक्स्टेन्शन, सगळा हिशोब ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर, बाहेर काही जात नाही. कल्पना स्वच्छ आहे, पण इथे येणाऱ्या बहुतेक लोकांकडे फक्त फोन, आणि फोनवर ब्राउझर कोण उघडतंय, सगळं अॅपमधे. अॅपच्या आत ते चालत नाही.

तिसरा हसन इलाही यांच्या वाटेचा. बांगलादेशात जन्मलेले हे अमेरिकन कलाकार, 2002 मधे डेट्रॉइट विमानतळावर त्यांना संशयावरून अडवलं, चौकशा झाल्या, मग त्यांनी स्वतःच ठरवलं की मी कुठे आहे, काय खातोय, कुठून उडतोय हे सगळं मीच जगाला दाखवत राहतो. संशय घेणाऱ्यांना माहितीच्या ढिगाऱ्यात बुडवायचं. ताईंनी यातून इतकंच घेतलं की दुसऱ्याचा डेटा लावण्यापेक्षा स्वतःचा लावावा. पण नुसतं तेवढंच केलं तर बघणारा लांबच राहणार होता, ताईंचा फोन, ताईंचे देश, माझा काय संबंध.

चौथा पर्याय मावशींच्या प्रश्नातूनच आला. "जमा होता है क्या" याचं उत्तर जर पूर्णपणे "नाही" असं द्यायचं असेल तर मशीनच मधून काढायचं. टेबल, कागद, पेन.

काय केलं

तिसरा आणि चौथा एकत्र केला. भिंतीवर ताईंच्या स्वतःच्या फोनचा डेटा, त्यांच्या घरच्या राउटरवर मी नोंदवलेला, आणि तो त्यांनी रंगवला, खाडीच्या नकाशावर, जुन्या चित्रांसारखाच, फक्त पाण्यातून वर्सोव्याकडे जाणाऱ्या समुद्राखालच्या केबल काढल्या, कारण बाहेरच्या देशांशी आपलं बरंचसं बोलणं तिथे किनाऱ्याला लागणाऱ्या केबलांवरूनच जातं. घरातल्या बाकीच्यांचे फोन त्या काळात वेगळ्या वायफायवर ठेवले.

हॉलच्या मधोमध सेतू केंद्रासारखं टेबल. टेबलावर मोठा तक्ता, रोज वापरात असलेली अॅप्स, आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: मशीन बहुधा कुठे, कंपनी कुठली, आणि भांडण झालं तर अटींमधे कुठलं कोर्ट लिहिलंय. तिसरा रकाना वकीलबाईंचा, आणि माझ्या मते अख्ख्या प्रदर्शनातली सगळ्यात भारी गोष्ट तीच. व्हॉट्सअॅपच्या अटी वाचल्या तर कॅलिफोर्निया येतं, गुगलच्या वाचल्या तरी कॅलिफोर्निया. ट्रूकॉलर स्वीडनचं. एम-इंडिकेटर इथलंच. यूपीआयचं वेगळं, कारण रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मधे पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा आदेश काढला, त्यामुळे अॅप कुणाचंही असो, चहाच्या दहा रुपयांची नोंद इथेच राहते. आणि फोनपे ही कंपनी तर 2022 मधे सिंगापूरहून आपलं मुख्य ठिकाणच भारतात घेऊन आली, त्यासाठी तिच्या गुंतवणूकदारांना हजारो कोटींचा कर भरावा लागला. कंपनीला देश बदलता येतो, कागद पूर्ण करून, कर भरून, आणि कुणी तिला रस्त्यात थांबवून विचारत नाही तू मूळची कुठली.

आलेल्या माणसाने सकाळपासून उघडलेल्या अॅपवर कागदावर टिक करायची, समोर बसलेला आमच्यातला एकजण तीन बेरजा करून तीन टक्के हाताने लिहिणार आणि कागद त्याच्याच हातात देणार. प्रत नाही, फोटो नाही. एका माणसाची तीन नागरिकत्वं निघायची, मशीनप्रमाणे बऱ्यापैकी भारतीय, कंपनीप्रमाणे बरंच कमी, कोर्टाप्रमाणे अजून कमी. लोकांचा पहिला प्रश्न हमखास हाच असायचा की यातलं खरं कुठलं, आणि तिथून बोलणं सुरू व्हायचं.

सिंह काढून टाकले. वकीलबाईंनी सांगितलं की राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, कलेसाठी म्हणून असा कागद वाटणं धोक्याचं, पण ताईंनी ते कायद्याच्या आधीच ठरवलं होतं, मावशींचे हात बघून. गोल शिक्काही गेला. कागदाच्या खाली मराठी, हिंदी आणि बंगालीत एक ओळ टाकली: हा कागद कशाचाही पुरावा नाही, याची नोंद कुठेही नाही. बंगाली ओळ मावशींच्या मुलाकडून वाचून घेतली.

ट्रायलचा सगळा डेटा पुसला, मेमरी कार्ड मावशींसमोर कात्रीने कापलं. मावशींनी आपली जुनी पावती मागितली आणि घरी घेऊन गेल्या.

शेवटच्या क्षणी एक फाटा निघाला. वाचनालयवाले म्हणाले हॉलमधे येणाऱ्यांची नोंदवही लागते, नाव आणि मोबाईल नंबर. त्यांचंही बरोबर होतं, काही झालं तर उत्तर त्यांना द्यायचं. फोनाफोनी होऊन तोडगा निघाला, नाव-नंबर नको, फक्त गाव लिहायचं आणि आकडा मोजायचा. ताईंना वाटलं गावाने काय बिघडतंय, उलट छान यादी होईल.

काय झालं

यादी छान झालीच. सातारा, जुन्नर, आझमगढ, गोठिवली, दिवा, रत्नागिरी, उडुपी. आणि मावशी रविवारी दोन मैत्रिणींना घेऊन आल्या तेव्हा वहीपाशी तिघीही थबकल्या. मावशींनी पेन घेतलं आणि सावकाश मराठीत लिहिलं, ऐरोली. मैत्रिणींनी पण तेच लिहिलं. ताई शेजारीच उभ्या होत्या. 'गाव' हा रकाना आपल्याला किती साधा वाटतो, पण तो त्यांना गेटवर, पोलिस चौकीत, घरमालकाकडे सगळीकडे विचारला जाणारा तोच प्रश्न होता.

टेबलावर मात्र तिघी बराच वेळ बसल्या. कोर्टाच्या रकान्यावर मावशींनी विचारलं, मग तुमचंपण कॅलिफोर्नियाच आलं का? ताईंनी आपला कागद दाखवला, टक्के जवळजवळ सारखेच होते. मावशींनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मैत्रिणींना बंगालीत बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं.

दुसरा लक्षात राहिला तो गोठिवलीकडचा एक म्हातारा, आगरी, धोतर-टोपीतला. त्यांनी टिक करायला नकारच दिला, म्हणाले माझा फोन साधा आहे. भिंतीवरच्या चित्रातल्या एका डेटा सेंटरवर बोट ठेवून म्हणाले, "इथं माझ्या बापाची भातशेती होती. एमआयडीसीने घेतली. आता तुमच्या सगळ्यांचं जे काय आत ठेवलंय ते आमच्या शेतात ठेवलंय, मग तुम्ही कुठले ते आम्ही सांगू." नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठीचं जानेवारी 1984 चं शेतकऱ्यांचं आंदोलन, त्याचे नेते दि. बा. पाटील, जासईकडे गोळीबारात गेलेली पाच माणसं, साडेबारा टक्के जमीन परत मिळण्याचा हक्क, हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, हॉलमधली तरुण पोरं ऐकत राहिली. आमच्या तक्त्यात जमिनीचा रकानाच नव्हता. मशीन कुठे आहे हे आम्ही विचारलं होतं, ती जागा कुणाची होती हे नाही.

बाकी गर्दी ठीक होती, काहींना सगळंच कागदी आणि संथ वाटलं, एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी आम्हाला विचारलं की मोबाईल नंबर घेतले असते तर ग्रुप करता आला असता ना.

वेगळं काय करता आलं असतं

ट्रायल घरच्या माणसांवर घेतली आणि त्यात कामाला येणाऱ्या बाईंना सहज धरलं, ही पहिली जागा. त्यांच्यामुळे प्रदर्शन सुधारलं हे खरं, पण त्याची किंमत त्यांनी एका संध्याकाळच्या भीतीने मोजली. आधी स्वतःच्या पावत्या दाखवून, काय निघतं ते समजावून, मग हवं असेल तर, असा क्रम ठेवता आला असता. विषय नागरिकत्वाचा असेल तर ज्याच्याकडे नाही म्हणायची ताकद कमी आहे त्याच्यापासून सुरुवात करायची नाही, हे ताईंनी आता लिहूनच ठेवलंय.

वकील शेवटी आल्या, आधी यायला हव्या होत्या. सिंह, ओटीपी, संमती हे तिन्ही मुद्दे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, तोवर पावतीच्या रचनेवर बराच खर्च झाला होता.

नोंदवहीबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. माझं म्हणणं दारात फक्त काउंटर ठेवायचा, माणूस आला की बटण. ताई म्हणतात गावांची यादी ही त्या दोन दिवसांत लोकांनी स्वतःहून दिलेली सगळ्यात सुंदर गोष्ट होती, पण रकान्याचं नाव बदलून "तुम्ही स्वतःला कुठले म्हणता" असं करायचं. वाचनालयवाले दोन्हीला तयार आहेत.

आणि तक्ता. तो सहा महिन्यांत शिळा होतो, कंपन्या विकल्या जातात, अटी बदलतात. सध्या वकीलबाई आणि ताईंची मुलगी दर तिमाहीला बसून अटी परत वाचतात, त्यात आता चौथा रकाना येतोय, जागेचा, आणि त्यासाठी गोठिवलीच्या आजोबांच्या नातवाने जुने सातबारे काढून द्यायचं कबूल केलंय. ठाण्यातल्या एका कॉलेजने राउटरवालं मूळ मशीन मागितलंय, पोरांना तेच जास्त आवडेल म्हणे. ताईंनी कळवलंय की मशीन मिळेल पण त्यावर फोन फक्त प्राध्यापकांचे जोडायचे, विद्यार्थ्यांसाठी टेबल आणि कागद. कॉलेजचं उत्तर अजून यायचंय.